बास्केटबॉल संघातल्या कुरबुरी वेळीच कशा मिटवायच्या?

बहुतेक प्रशिक्षकांकडून एक क्रम नकळत पाळला जातो. काहीतरी खटकतं, "जाऊ दे, होईल आपोआप नीट" म्हणून सोडून दिलं जातं, आणि मग एखादी मॅच हातची गेली की सगळ्या संघाला खाली बसवून अर्धा तास झापलं जातं. ज्याच्यामुळे हे सुरू झालं त्याला वाटतं, सर दुसऱ्या कुणालातरी बोलतायत. ज्यांनी काहीच केलेलं नाही ती मुलं मात्र मान खाली घालून घरी जातात. पुढच्या सरावाला तीच गोष्ट पुन्हा दिसते.

इथे दिलेला क्रम बरोबर याच्या उलट आहे. आधी ज्याचा विषय आहे त्याच्याशी एकट्याशी, थोडक्यात, एकाच गोष्टीवर आणि लवकर बोलायचं. संपूर्ण संघाशी बोलायचं ते सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याचदा ती वेळच येत नाही.

किरकोळ म्हणजे काय, हेही आधी ठरवून घेऊ. सरावाला उशिरा येणं, बदली झाल्यावर टॉवेल आपटणं, बास्केट खाल्ल्यावर दुसऱ्याकडे हात पसरून बघणं, ठरावीक खेळाडूला पासच न देणं, कोर्टवर कमी वेळ मिळतो म्हणून धुसफुसणं, बॉल गोळा करायचं काम रोज ज्युनिअर मुलांवर ढकलणं. यातलं काहीही पहिल्या आठवड्यात दोन मिनिटांत सुटतं. तेच दोन महिने मुरलं की मग गट पडतात, पालक मध्ये येतात आणि तुमचा निम्मा सराव समजूत काढण्यात जातो.

## मोसम सुरू होण्याआधीची तयारी

तयारी नसेल तर पुढची एकही पायरी नीट पडत नाही, कारण खेळाडू म्हणणार, "हे आम्हाला कधी सांगितलं होतं?" आणि ते खरंच असेल.

नियम चार-पाचच ठेवा, पण डोळ्यांना दिसेल अशा वागण्याच्या भाषेत. "शिस्त पाळा", "एकमेकांचा आदर करा" ही वाक्यं भिंतीवर छान दिसतात, कोर्टवर त्यांचा उपयोग होत नाही. त्याऐवजी असं सांगा:

- शिट्टी वाजेल तेव्हा बुटाच्या नाड्या बांधून बेसलाइनवर उभं असणं म्हणजे वेळेवर येणं.
- बॉल गेला की आधी मागे धावायचं. कुणाची चूक, ते नंतर.
- बदली झाली की आत जाणाऱ्याच्या हातावर टाळी द्यायची आणि बेंचवर येऊन बसायचं.
- येणार नसाल तर स्वतः कळवायचं. मित्राकडून निरोप चालणार नाही.
- सामान आणि बॉल उचलण्याची पाळी सगळ्यांना, कॅप्टनलाही.

दुसरी गोष्ट खेळायच्या वेळेची. कुणाला किती मिनिटं मिळतील हे तुम्ही कशावर ठरवता, ते पहिल्याच आठवड्यात उघडपणे सांगा: सरावाची हजेरी, डिफेन्स, चुकीचे शॉट न घेणं, जे काही तुमचे निकष असतील ते. आणि त्याबद्दल कधी विचारायचं तेही सांगा: मॅचच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी खुशाल. संघातल्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात, कारण अन्यायापेक्षा अंदाज बांधत बसण्यानेच खेळाडू जास्त कुढतात.

एक छोटी वही ठेवा. सहायक प्रशिक्षक असेल तर कोण काय बघणार याची वाटणी करा. कॅप्टनला त्याचं काम समजावून सांगा, पण त्याला खबरी बनवू नका. "कोण काय बोलतं ते मला येऊन सांग" असं एकदा म्हणालात की कॅप्टनचा संघातला शब्द गेलाच.

तपासून पाहा: आठवड्याभराने कोणत्याही दोन खेळाडूंना बाजूला घेऊन विचारा, "आपले नियम काय ठरलेत?" दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर नियम पुन्हा सांगा. कारवाईची वेळ अजून आलेली नाही.

## पायरी 1: बघा आणि लिहून ठेवा

आपण खेळाकडे बघत असतो, माणसांकडे नाही. बॉल जिथे जातो तिथे नजर जाते. कुरबुरी मात्र बॉलपासून लांब दिसतात, म्हणून सरावातली काही ठरावीक ठिकाणं मुद्दाम बघायची सवय लावा.

पाणी प्यायच्या सुटीत कोण कायम एकटा उभा असतो? टाइमआउटमध्ये घोळक्याच्या बाहेर कोण, आणि कुणाची पाठ तुमच्याकडे आहे? ड्रिलसाठी "जोड्या करा" म्हटल्यावर शेवटी कोण उरतो? कुणी पडलं तर हात द्यायला कोण जातं आणि कोण शेजारून निघून जातं?

पासचा हिशोब तर नक्की मांडा. पाच-पाचच्या खेळात दहा मिनिटं सहायकाला किंवा त्या दिवशी न खेळणाऱ्या एखाद्याला बसवा आणि कुणी कुणाला किती पास दिले याच्या रेघा मारायला सांगा. का ते त्याला सांगायची गरज नाही. पॉइंट गार्डने (खेळ रचणाऱ्याने) एका विंगला (कडेने खेळणाऱ्याला) आठ-नऊ वेळा बॉल दिला आणि दुसरा मोकळा असताना एकदाही दिला नाही, असं कागदावर उतरलं की तुमची शंका शंका राहत नाही. कधीकधी उलटही होतं: "मला बॉलच मिळत नाही" म्हणणाऱ्याला सगळ्यांइतकेच पास मिळालेले असतात. दोन्ही माहिती सारखीच कामाची. मात्र एकाच दिवसाच्या रेघांवर निकाल देऊ नका, दोन-तीन सराव बघा.

वहीत विशेषण लिहायचं नाही, कृती लिहायची. "फार माज आलाय" ही नोंद नाही. "तिसऱ्या गेममध्ये बॉल गेल्यावर दोनदा हाफ कोर्टलाच थांबला" ही नोंद. हा फरक पुढे बोलताना फार कामी येतो, कारण खेळाडू तुमच्या मताशी वाद घालू शकतो, दिसलेल्या गोष्टीशी नाही.

सावधान: ही वही खेळाडूंच्या हाती लागू देऊ नका आणि तिचा फोटो काढून कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

## पायरी 2: काय थांबू शकतं, काय नाही

नोंदी तीन भागांत विभागा.

पहिला भाग लगेच थांबवायच्या गोष्टींचा. मारहाण, धमकी, कुणाच्या शरीरावरून, जातीवरून, रंगावरून किंवा घरच्या परिस्थितीवरून टोमणे, नको तिथे स्पर्श, एकाच मुलाला सतत लक्ष्य करणं. डोक्याला मार लागला असूनही खेळाडू "मी ठीक आहे" म्हणत असेल तर तेही इथेच. अशा वेळी खेळाडूला त्या दिवशी पुन्हा आत पाठवायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. या भागातल्या गोष्टी किरकोळ नाहीत. सराव थांबवा, संबंधितांना वेगळं करा, पालकांना आणि संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवा. या लेखातली "एकट्याशी बोला, थोडं थांबून बघा" ही पद्धत अशा प्रकरणांना लावायची नाही.

दुसरा भाग दोन दिवसांत बोलायच्या गोष्टींचा: पंचांना किंवा सहकाऱ्याला उलट बोलणं, ठरलेला नियम दुसऱ्यांदा मोडणं, बेंचवरची आदळआपट.

तिसरा भाग नुसतं लक्ष ठेवायचा. एखाद्या दिवशी कुणी गप्प आहे, कुणाचा मूड गेलाय. प्रत्येक गोष्टीला हात घातलात तर खेळाडू तुमच्यापुढे मोकळे वागेनासे होतात आणि मग काहीच दिसेनासं होतं. एकदा झालं तर नोंद, दुसऱ्यांदा झालं तर बोलणं, हे साधं माप बहुतेक वेळा पुरतं.

## पायरी 3: आपला वाटा तपासा

ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळे याच पायरीवर सुटतात.

एक उदाहरण जवळून बघू. समोरच्या संघाने पिक अँड रोल केला, म्हणजे त्यांच्या एकाने आपल्या गार्डची वाट अंगाने अडवली (हीच स्क्रीन) आणि मग तो बास्केटकडे वळला. बॉलवर असलेल्या आपल्या गार्डला वाटलं, सेंटर पुढे येऊन ड्रिबल अडवेल. सेंटरला वाटलं, मी मागे थांबून रिंग सांभाळायची आहे. दोघांच्या मधून बॉल आत गेला, रिंगजवळून सोपा लेअप झाला. गार्डने हात पसरले, सेंटर पुटपुटला. हे तीन-चार वेळा झालं की बाहेरून बघणाऱ्याला दिसतं, या दोघांचं पटत नाही. तुम्ही दोघांना बसवून "एकमेकांना समजून घ्या" सांगता, ते माना डोलावतात, आणि पुढच्या पिक अँड रोलला पुन्हा तेच. कारण बिघाड मनात नव्हताच. स्क्रीन आली की कुणी काय करायचं आणि कुणी कोणता शब्द ओरडायचा, हे ठरलेलं नव्हतं. किंवा ठरलं तेव्हा त्यातला एक जण सरावाला आलेला नव्हता. कोर्टवर पाच मिनिटं चालत-चालत करून घेतलं, की भांडण तिथेच संपतं.

म्हणून बोलायला जाण्याआधी स्वतःला विचारा:

1. हे नेमकं कसं करायचं, ते मी शिकवलंय का?
2. हाच नियम मी सर्वात जास्त पॉइंट करणाऱ्या खेळाडूलाही लावतो का?
3. मुलं ड्रिलच्या रांगेत उभी राहून कंटाळलीत म्हणून मस्ती करतायत का? दहा जणांची रांग आणि एक बॉल असेल तर चूक रांगेची आहे. दोन्ही बास्केट वापरा, रांगा तीन-तीनच्या करा.
4. मी स्वतः पंचांवर ओरडतो का?

चौथ्याचं उत्तर "हो" असेल तर खेळाडूच्या तोंडाळपणावर बोलण्याआधी पुढच्या दोन मॅच गप्प बसून दाखवा.

तपासून पाहा: चारही उत्तरं समाधानकारक आहेत? मगच पुढच्या पायरीला जा.

## पायरी 4: एकट्याशी बोला

कुठे: कोर्टच्या कडेला, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. बंद खोलीत एकट्या मुलाला किंवा मुलीला बोलावू नका. त्यांच्या सुरक्षिततेसाठी ते बरोबर नाही आणि तुमच्यासाठीही.

केव्हा: सराव सुरू होण्याआधी किंवा कूल-डाउननंतर. हरलेल्या मॅचनंतर लगेच कधीही नाही. तेव्हा दोघांचंही रक्त तापलेलं असतं.

किती वेळ: तीन ते पाच मिनिटं. त्याहून लांबलं तर ते भाषण झालं.

क्रम: काय दिसलं ते एका वाक्यात सांगा. विचारा. गप्प बसा. मग त्याचा संघावर काय परिणाम होतो ते सांगा. शेवटी पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते ठरवा.

प्रत्यक्षात ते साधारण असं होतं:

"आज दोनदा तुझ्याकडून बॉल गेला आणि दोन्ही वेळा तू हाफ कोर्टला थांबलास. काय झालं?"

"काही नाही सर."

इथे घाई करायची नाही. मनात पाच आकडे मोजा. बरेच प्रशिक्षक याच जागी बोलायला लागतात आणि खरी गोष्ट कळायची राहते.

"ओरडायला नाही बोलावलं तुला. त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं?"

"मी मोकळा असतो सर, तरी तो मला पासच देत नाही. मग एकदा मिळाला की वाटतं आता आपणच करावं. आणि मग तो गेला की..."

आता कळलं. मागे न धावणं हे वरचं लक्षण होतं, मूळ पासमध्ये होतं.

"ठीक आहे. पासचं मी बघतो, ते माझं काम. मागे धावणं तुझं. तू थांबलास की समोरचे दोन आणि आपला एक असा खेळ होतो, आणि तो एक एकटा पडतो. उद्यापासून बॉल कसाही जाऊ दे, पहिली तीन पावलं मागे जोरात. जमेल?"

"हो सर."

एवढंच. यात जुन्या चुका निघाल्या नाहीत, दुसऱ्या कुणाशी तुलना झाली नाही आणि "तू नेहमीच असं करतोस" हे वाक्य आलं नाही. "नेहमी" म्हटलं की खेळाडू अपवाद शोधायला लागतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. "कॅप्टन सांगत होता" किंवा "सगळे म्हणतात" असंही म्हणू नका. तुम्ही स्वतः पाहिलं नसेल तर आधी पाहा, मग बोला.

मोठ्या वयाच्या खेळाडूंशीही हाच क्रम, फक्त उपाय त्यांच्या तोंडून येऊ द्या. दहा-बारा वर्षांच्या मुलांशी आणखी थोडक्यात, आणि शक्य तर कोर्टवर करून दाखवत.

## पायरी 5: दोघांचं बिनसलं असेल तर

आधी दोघांशी वेगवेगळं बोला, मग एकत्र. थेट समोरासमोर बसवलंत तर जो जास्त बोलका आहे तो जिंकतो, आणि दुसरा "हो, चालेल" म्हणून मोकळा होतो.

एकत्र बसल्यावर एकच प्रश्न ठेवा: "कोर्टवर तुला याच्याकडून कोणती एक गोष्ट हवी आहे?" उत्तर खेळातलंच हवं. "मी कट मारला की बघ तरी", "माझी चूक झाली की हात पसरू नकोस". मैत्री करा असं सांगू नका, जबरदस्तीने हात मिळवायला लावू नका. एका संघात खेळायला मित्र असावं लागत नाही, एकमेकांवर भरवसा ठेवून खेळता आलं तर पुरे.

मग त्याच सरावात दोघांना एका बाजूला घालून दोन-दोनचा खेळ लावा, अट अशी की जोडीदाराच्या पासवर झालेलीच बास्केट मोजायची. ड्रिबल करून एकट्याने टाकलेली नाही. पाच पॉइंटचा गेम ठेवा. त्या दिवशी गुण कमी झाले तरी चालतील, दोघं एकमेकांना हाका मारायला लागले का ते बघा.

## पायरी 6: ठरलेली गोष्ट सरावात उतरवा

बोलून ठरलेलं वागणं ड्रिलमध्ये आलं नाही तर आठवड्यात विसरलं जातं. मागे न धावण्यावर असा उपाय: पाच-पाचच्या खेळात बास्केट केलेल्या संघाचे पाचही जण, समोरचा संघ हाफ कोर्ट ओलांडायच्या आत, मागे पोहोचले तरच गुण धरायचे. गप्प खेळणाऱ्या संघासाठी चार-चारचं शेल ड्रिल (बचावात कुणी कुठे उभं राहायचं याचा सराव): बॉल (बॉलवाला माझा), हेल्प (मी मदतीला), डिनाय (याला पास मिळू देत नाही) हे शब्द ऐकू आले नाहीत की खेळ थांबवून पहिल्यापासून. यात कुणा एकाकडे बोट जात नाही आणि दुरुस्ती सगळ्यांची होते.

सावधान: शिक्षा म्हणून राउंड मारायला लावू नका. धावणं या खेळाचा गाभा आहे, त्याला शिक्षा केलं की मुलं वॉर्म-अपलाही तोंड वाकडं करतात. परिणाम चुकीला धरून असावा: उशिरा आला तर त्या दिवशी दुसऱ्या गटातून सुरुवात, बेंचवर आदळआपट केली तर पुढच्या बदलीत त्याचा नंबर नाही. एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना शिक्षा तर अजिबात नको. त्याने संघ एक होत नाही, तो एक मुलगा एकटा पडतो.

## पायरी 7: मॅचच्या दिवशी फक्त मलमपट्टी

मॅच ही सोडवायची जागा नाही. फिबाच्या (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांनुसार पहिल्या हाफमध्ये दोन आणि दुसऱ्या हाफमध्ये तीन टाइमआउट मिळतात, प्रत्येक एका मिनिटाचा. त्या मिनिटात खेळाडू येऊन बसण्यात, पाणी पिण्यात निम्मा वेळ जातो. उरलेल्यात एक डावपेच सांगता येतो, भांडण नाही.

कुणी भडकला असेल तर बदली करा, शेजारी बसवा आणि एक वाक्य बोला: "दोन मिनिटं श्वास घे, परत आत जायचंय." किती वेळ बाहेर आहे ते सांगितलं की निम्मा राग तिथेच उतरतो. काहीच न सांगता बसवून ठेवलेला खेळाडू बेंचवर दुसऱ्यांनाही पेटवतो.

आणि बेंचकडे दुर्लक्ष करू नका. फिबाच्या नियमांत बेंचवरच्या गैरवर्तनाची टेक्निकल फाऊल (धक्काबुक्कीची नाही, वागण्याबोलण्याची) मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर लागते, अशा तीन झाल्या की प्रशिक्षक बाहेर. कोर्टवरच्या खेळाडूची टेक्निकल त्याच्या पाच फाऊलमध्येही धरली जाते आणि त्या क्वार्टरच्या टीम फाऊलमध्येही. दोन टेक्निकल झाल्या तर तो खेळाडूही बाहेर. हे खेळाडूंना आकड्यांत सांगा. "रागावर ताबा ठेव" यापेक्षा "तुझी एक शेरेबाजी म्हणजे समोरच्याला एक फ्री थ्रो आणि तुझा एक फाऊल" हे पटकन कळतं. तुमच्या स्पर्धेचे नियम वेगळे असतील तर ते आधी वाचून घ्या.

## पायरी 8: पाठपुरावा

दोन-तीन सरावांनंतर वही उघडा. सुधारणा दिसली असेल तर जाता-जाता एक वाक्य बोला: "आज तिन्ही वेळा मागे आलास, बघितलं मी." कौतुकाचं भाषण नको, पण हे वाक्य चुकवू नका. ते गाळलं की खेळाडूला वाटतं, सरांना फक्त चुकाच दिसतात.

सुधारणा नसेल तर दुसरं बोलणं, आणि या वेळी परिणाम आधी सांगून. सांगितलेला परिणाम न चुकता अमलात आणा, पुढची मॅच फायनल असली तरी. तिसऱ्यांदा तेच झालं तर अठरा वर्षांखालच्या खेळाडूच्या पालकांना बोलवा, शक्यतो खेळाडूसमोरच बोला. पालक मॅच संपल्या-संपल्या तावातावाने आले तर नम्रपणे दुसऱ्या दिवसाची वेळ द्या. बोलताना फक्त त्यांच्या मुलाबद्दल बोला, दुसऱ्याचं मूल किती खेळलं यावर चर्चा नाही. त्यांच्या हातात जाताना दोन ठोस गोष्टी द्या: "डाव्या हाताचा लेअप आणि बॉक्स आउट (रिबाउंडसाठी समोरच्याला अंगाने मागे अडवणं), या दोन गोष्टींवर त्याची वेळ वाढेल."

एखादा खेळाडू एकदम गप्प झाला, जेवण तोडलं, झोप येत नाही म्हणतो, सगळ्यांपासून लांब राहतो, तर ती शिस्तीची बाब समजू नका. पालकांशी बोला आणि समुपदेशकाकडे पाठवा.

संपूर्ण संघाची बैठक घ्यायची ती एकाच स्थितीत: तीच गोष्ट निम्म्याहून जास्त खेळाडूंमध्ये दिसत असेल तेव्हा. तीही दहा मिनिटांची, उभ्याने, एकाच विषयावर, आणि संपल्याबरोबर त्याच विषयाचं ड्रिल.

मिटलेल्या नोंदीवर वहीत रेघ मारा, तारीख टाका. ती गोष्ट पुढच्या कुठल्याही बोलण्यात पुन्हा काढायची नाही, संघ निवडतानाही नाही.